निळ्या दारांचं घर

आमच्या आईनं आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले. करडी पँट, पांढरा शर्ट, करडा स्कर्ट, की पुन्हा करडी पँट. रंग हा बाबांचा प्रांत. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि अर्धा बाजार त्यांच्या हातच्या अक्षरांवर मिरवायचा. घर मात्र पांढरंफटक. "दिवसभर रंगांत असतो, घरी तरी डोळ्यांना विश्रांती हवी," असा त्यांचा हुकूम होता. घरात बाकी काहीच आईच्या शब्दाबाहेर नव्हतं, पण भिंतींच्या बाबतीत तिनं कधी तोंड उघडलं नाही.

मग बाबांची नजर गेली. अगदी सगळी नाही. कडेचं दिसतं, मधलं धूसर. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी टिकेल, पण जवळजवळचे रंग एकमेकांत मिसळून जातील. पांढऱ्या भिंतीतलं पांढरं दार बाबांना दिसेना. दाराच्या कडेवर कपाळ आपटून टाके पडले, तेव्हा दादानं फोनवर जाहीर केलं, "महिनाअखेरीला येतो आणि तुम्हाला दोघांना घेऊन जातो. इथं बघायला माणसं आहेत." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दादा वाईट नाही. पण त्याच्याकडे बाबांना एका खुर्चीत बसवून ठेवलं असतं, आणि ते आम्हा कुणालाच नको होतं.

दुसऱ्या दिवशी आई रंगाच्या दुकानात हजर. मी विचारलं, "बाबांना विचारलंस का?"

"विचारून काय? पांढराच म्हणतील."

तिनं रंगांचं कार्ड खिडकीशी नेलं, तिरपं करून पाहिलं आणि भिंतींना फिकट हिरवा, दारांना त्याच्याच जरा वरचा हिरवा निवडला. मधली खोली रंगवून झाली तेव्हा मी तर खूशच झाले. इतका नाजूक मेळ मी कुठल्या बंगल्यातसुद्धा पाहिला नव्हता. बाबा आतून आले, भिंत चाचपत पुढे गेले, दारासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दार कुठंय?"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिनं कपाळावर हात मारला. "कापडात दोरा दिसू नये म्हणून जन्मभर रंग जुळवत आले मी! इथंही तेच करून बसले. इथं दोरा दिसायला हवा, दिसायला!"

तिनं बाबांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसवलं आणि पुठ्ठ्याचे तुकडे वेगवेगळ्या रंगांत रंगवून भिंतीवर एकेक धरू लागली. बाबा फुगले. "मी काय शाळेतला पोरगा आहे परीक्षा घ्यायला?"

"पोरगा नाही, पाट्या रंगवणारे आहात. पाटी रस्त्यापलीकडून वाचता येतेय का, तेवढं सांगा."

बस्स. बाबा खुर्चीत ताठ झाले. "पोपटी नको, भिंतीत जातो. निळा दाखव. अजून गडद आण." शेवटी म्हणाले, काळं सगळ्यात स्पष्ट दिसतं. आई म्हणाली, "घर आहे हे, दुखवट्याची जागा नाही. निळंच." आणि बाबा, जे रंगात कुणाच्या बापाचं ऐकत नसत, "निळं तर निळं" म्हणाले.

तर हिरव्यावर पुन्हा रंग चढला: भिंती फिकट पिवळ्या, दारं गडद निळी आणि विजेच्या प्रत्येक बटणाभोवती लाल पट्टा. रंगाऱ्यानं मला हळूच विचारलं, "ताई, हे घर आहे की सर्कस?" मी म्हटलं, "आईला विचार." त्याची काही छाती झाली नाही.

ठरल्याप्रमाणे दादा आला. दारातच थबकला. "हे काय करून ठेवलंय?"

बाबा उठले. निळ्या दारातून सरळ आत गेले, पाण्याचा पेला भरून आणला आणि एक थेंब न सांडता त्याच्या हातात दिला. मग त्याची बॅग उचलून म्हणाले, "प्रवासानं दमला असशील. चल, तुझी खोली दाखवतो." बाबा पुढे आणि आमचा एवढा मोठा साहेब मुलगा त्यांच्या मागे. मला हसू आवरेना आणि रडूही. दादा राहिला, आईच्या हातचं पोटभर जेवला आणि एकटाच परत गेला. जाताना आईला वाकून नमस्कार करत म्हणाला, "चुकलो मी."

तो गेल्यावर बाबांनी ब्रश मागितला. "पाटी झाली की कोपऱ्यात करणाऱ्यानं नाव टाकायचं असतं."

मला वाटलं, आले म्हातारबुवा श्रेय घ्यायला. ते बाहेरच्या दाराशी गेले, मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेनं बघत बघत दाराशेजारच्या पिवळ्या भिंतीवर निळ्या रंगात आईचं नाव लिहिलं. ज्यांच्या हातची ओळ कधी केसभर हलली नाही, त्यांची अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली.

मी कापड घेऊन पुढे झाले. "ओलं आहे तोवर सरळ करून घेऊ या."

"खबरदार हात लावलास तर," आई म्हणाली.