बॉथेलचा भोंगा

ऋताला हळू बोलता येत नसे. समोरच्या घराच्या दारात उभी राहून ती विचारायची, "मावशी, आज तुझ्याकडे पोहे आहेत का?" आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांना कळायचं की आज माझ्याकडे पोहे आहेत. दिसायला मात्र एवढीशी. पाच फुटांच्या आतली, काटकुळी, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. हा आवाज तिच्यात कुठे मावत असेल, हे मला कधीच समजलं नाही. तिचे बाबा, अरविंददादा, सांगलीचे. लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर त्यांच्या घरातली घड्याळं लावली जात. त्यामुळे मुलीचं नाव त्यांनी भोंगा ठेवलं होतं. शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर दिसली की ते म्हणायचे, "आला आमचा भोंगा."

लग्न होऊन मी नागपूरहून अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलला आले, तेव्हा ती हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात होती. माझा नवरा दिवसभर ऑफिसात. मला गाडी चालवता येत नव्हती आणि माझ्या व्हिसावर नोकरीही करता येत नव्हती. दुपारी अडीचनंतर मला जग होतं ते ऋताचं. ती थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरायची, ताट पुढे ओढायची आणि म्हणायची, "मावशी, तुझा भाजी एकदम ऑसम झाला." तिच्या मराठीत सगळे पदार्थ पुल्लिंगी होते. मी सुधारायला गेले की म्हणायची, "टेस्टला काय जेंडर असतं?" इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा ऐन आरतीनंतर माईक बंद पडला. अरविंददादा तारांशी झटापट करत राहिले आणि ही खुर्चीवर चढून ओरडली, "जेवणाचा लाइन डावीकडून आहे! आधी लहान मुलं, मग आजी-आजोबा!" पुढच्या वर्षापासून माईक कोणी आणलाच नाही.

तो आवाज गेला दोन हजार एकच्या पानगळीत. टीव्हीवर सारखे तेच दोन मनोरे कोसळत होते. वृंदाताई, म्हणजे ऋताची आई, मला आणि तिला घेऊन भाजी-किराणा आणायला गेल्या होत्या. दुकानाच्या त्या टोकाकडून ऋता ओरडली, "आई, कोथिंबीर मिळाला!" शेजारी ढकलगाडी घेऊन एक माणूस उभा होता. साधाच होता, वयस्कर, गाडीत दूध आणि मांजराचं खाणं. तो म्हणाला, इथे राहायचं तर इंग्रजी बोला, नाहीतर जिथून आलात तिकडे परत जा. ऋताने आईकडे बघितलं. वृंदाताईंनी भरलेली ढकलगाडी तिथेच सोडली, तिचं मनगट धरलं आणि आम्ही बाहेर आलो. वृंदाताईंनी गाडी घराकडे वळवली. मग ऋताने विचारलं, "पण माझा जन्म इथला आहे. परत म्हणजे कुठे जाऊ? घरी तर आपण चाललोच आहोत."

वृंदाताई काही वाईट बाई नव्हत्या. घाबरल्या होत्या, इतकंच. त्यानंतर त्यांच्या तोंडी दोनच शब्द बसले, "हळू बोल." दुकानात, बागेत, बसथांब्यावर. मग दारातसुद्धा. ऋता सिएटलला कॉलेजात जायला लागली, घरूनच. कॉलेजातही तिला लोक विचारायचे, तू कुठली? ती म्हणायची, बॉथेलची. "नाही, पण खरी कुठली?" हळूहळू तिने उत्तरं छोटी केली, मग आवाजही. माझ्याकडे यायची, पण दारावरची बेल वाजवून. मला त्या बेलचा राग यायचा.

तिसऱ्या वर्षी कॉलेजने काही मुलांना वर्षभर इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. त्यात ऋताही होती; इतिहास विषय होता तिचा. वृंदाताई म्हणाल्या, "इथे काय कमी इतिहास आहे? आणि एकटी राहणार कुठे?" अरविंददादा एरवी बायकोपुढे फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "जाऊ दे तिला. घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागलीये मला." ती गेली.

इंग्लंडच्या उत्तरेला, नदीकाठच्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावात तिला खोली मिळाली होती. रविवारी सकाळी आई-बाबांशी बोलून झालं की ती मला फोन करायची. पहिले काही रविवार रडगाणंच होतं. खोली गार, दुपारी चारला अंधार, नाश्त्याला टोस्टवर घेवड्याचे गोड दाणे. "मावशी, इथे लोक जाता जाता विचारतात, 'ऑल राइट?' मी थांबून सांगायला लागते कशी आहे, तर ते निघून गेलेले असतात!" मी हसले. पलीकडे तीही हसली, आणि मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. किती दिवसांनी!

मग एका रविवारी ती नुसती फुटलीच. "मावशी, इथे मला सगळे काय म्हणतात माहितीये? 'द अमेरिकन'! मी तोंड उघडलं की लगेच, ओ, तू अमेरिकन! काल पबमध्ये एक मुलगा मला इराकवरून इतका झापला, इतका झापला, जसं काय वॉर मीच सुरू केलं."

"मग तू काय केलंस?"

"मी? मी इतकी खूश झाले यार! मी म्हटलं, सॉरी. ऑन बिहाफ ऑफ माय कंट्री."

मीही हसले होते. पण फोन ठेवल्यावर मी खिडकीतून त्यांच्या घराकडे बघत उभी राहिले. इथे जन्मून, इथे वाढून तिला अमेरिकन म्हणणारं माणूस भेटलं ते समुद्रापलीकडे, आणि तेही भांडायला आलेलं.

वसंतात अरविंददादा तिला भेटायला गेले. जाताना वृंदाताईंनी बजावलं होतं की पुढचं सत्र इथेच कर म्हणावं, घेऊनच या. ते एकटेच परत आले आणि त्याच दुपारी माझ्याकडे चहाला बसले. ऋता तिथे होड्यांच्या शर्यतीत उतरली होती. वल्ही मारायला नव्हे. आठ धिप्पाड पोरींसमोर बसून सुकाणू धरायचं आणि ओरडून त्यांना ताल द्यायचा, हे तिचं काम.

"मीनल, नदी म्हणशील तर केवढीशी! आपल्या कृष्णेपुढे ओढाच. काठावर ही गर्दी. होडी अजून वळणाआड होती, दिसतही नव्हती, आणि मी शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याला म्हटलं, ती माझी मुलगी. तो म्हणाला, कुठाय? मी म्हटलं, ऐका." त्यांनी कप खाली ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. "मी तिला परत ये म्हणालोच नाही. वृंदाला सांगू नकोस."

उन्हाळ्यात ती आली. डिग्री पुरी करायला यावंच लागलं. पहिला आठवडा गल्ली दणाणली. मग एक दिवस आईबरोबर दुकानात गेली आणि काही न घडताच, केवळ सवयीने, वृंदाताई म्हणाल्या, "हळू." ती नुसती हसली म्हणे. संध्याकाळी माझ्याकडे भेंडी चिरत बसली होती. म्हणाली, "मावशी, तिकडे मी फॉरेनर आहे. ते सोपं असतं गं. सगळ्यांना माहीत असतं, मलापण. इथे मी फॉरेनर नाहीये, तरी आहे. हे रोज करायला खूप एनर्जी लागते." वर्षभरात डिग्री झाली आणि ती पुन्हा इंग्लंडला गेली, शिक्षिका व्हायचं म्हणून. या वेळी तिला कोणी अडवलं नाही. पुढे तिथेच एका शाळेत तिला इतिहास शिकवायची नोकरी लागली.

वृंदाताईंनी तो विषय एकदाच काढला. त्यांच्या मागच्या अंगणात आम्ही मेथी निवडत होतो. "मीनल, त्या दिवशी मी ढकलगाडी टाकून बाहेर पडले ना, तिथे चुकलं. तिने माझ्याकडे बघितलं होतं. आई काय करते ते बघत होती ती." मी म्हटलं, "वृंदाताई, तेव्हा कोण बोललं असतं?" त्या म्हणाल्या, "कोणी नाही. पण मी तिची आई होते." मी मेथीची पुढची जुडी सोडली.

दोन हजार आठमध्ये अरविंददादा निवृत्त झाले आणि दोघांनी भारतात परत जाऊन पुण्याला राहायचं ठरवलं. "मुलीसाठी म्हणून इथे राहिलो," वृंदाताई म्हणाल्या, "आता पुण्याहूनच तिच्याकडे जायला जवळ." आवरायला ऋता आली होती. निघायचा दिवस तिघांचा एकच. तिचं विमान लंडनचं, त्यांचं मुंबईचं. मला आता गाडी येत होती. मीच त्यांना विमानतळावर सोडलं. ऋताचं विमान आधी होतं. तिने आई-बाबांना वाकून नमस्कार केला, मला मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, तू ये ना तिकडे. प्रॉमिस?" मी हो म्हटलं. आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं, देशाबाहेर पाऊल टाकायचं तर वकिलाला विचारावं लागे, हे तिला माहीत होतं. तरी तिने विचारलं आणि तरी मी हो म्हटलं.

अजूनही तिचा फोन येतो. मागे म्हणाली की वर्गातली मुलं विचारतात, मिस, तुम्ही अमेरिकेत कुठल्या? ती भिंतीवरच्या नकाशात वर, डाव्या कोपऱ्यात बोट ठेवते आणि सांगते, इथे माझं गाव आहे. त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांना ऋता ठाऊक नाही. तिच्या जन्मगावात तिचं म्हणावं असं माणूस आता एकच उरलंय, नागपूरहून आलेली आणि अजून कागदांची वाट बघत बसलेली मी.