नाव बसत नाही

“आधी याचं पोट दाखवा.”

कुठलीही नवी वस्तू हातात आली, की तो एवढंच म्हणायचा. एका दिवाळीला शेठनी आम्हाला टेबलावरची घड्याळं वाटली. याचं घड्याळ संध्याकाळी पाहिलं, तर पुर्जे वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले. “चालतंय का?” मी विचारलं. “आता नाय चालत साहेब. पण कळलं.” असल्या माणसाला आम्ही पगार देऊन कॉम्प्युटरवर बसवलं होतं.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, कापडाच्या एका दुकानाच्या माथ्यावर. वाळूजला कारखाने वाढत होते. त्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि कामगारांच्या याद्या आम्ही छापून द्यायचो. शेठ मालक, मी मॅनेजर, आणि कॉम्प्युटरवर तो. कन्नडकडचा, धनगराघरचा. नोकरी करत बाहेरून बी.कॉम.ची परीक्षा देत होता. त्याचा नोकरीचा अर्ज मीच भरून घेतला होता, त्यामुळं त्याचं घरदार, जात, सगळं मला ठाऊक होतं.

ही गोष्ट आमच्या शहरातल्या विद्यापीठाचं नाव वाढलं त्याच्या पुढच्या वर्षीची. त्या नावासाठी लोकांनी कितीतरी वर्षं मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. खेड्यापाड्यांत घरं जाळली गेली. शेवटी नाव लागलं. आमच्या याद्यांवर मात्र अजून जुनं, अर्धंच नाव छापलं जात होतं. यादीत ‘विद्यापीठ’ असा रकाना होता आणि पगाराच्या प्रोग्रॅममध्ये विद्यापीठांची चारच नावं पक्की बसवलेली.

एके दिवशी वाळूजचे तीन-चार कामगार आले. नुकतेच पदवीधर झालेले. “आमच्या विद्यापीठाचं पूर्ण नाव घाला,” म्हणाले.

“घातलं असतं हो,” मी हात जोडले, “पण मशीनमध्ये बसत नाही.”

काय सोयीचं वाक्य होतं! स्वतःला म्हणायची लाज वाटते ते मशीनच्या तोंडी घालायचं. तुम्हीही त्या काळात ते कुठल्यातरी खिडकीवर ऐकलं असेल. काहींनी खिडकीच्या आतून म्हटलंही असेल.

ते गेल्यावर तो माझ्याकडं वळला. “बसत नाय म्हंजे? नावाला काय खुर्ची लागती का, साहेब?”

“अरे, प्रोग्रॅम बंद आहे. आतलं काही आपल्याला बदलता येत नाही.”

“मंग बनवणाऱ्याला कळवा.”

“कसं कळवू? चोरून कॉपी केलाय आपण.”

तो हसायलाच लागला. “म्हंजे कुलूप चोरून आणलं, अन् किल्ली तिकडंच ऱ्हायली!”

आठवड्यानं तो पिशवीभर फ्लॉप्या घेऊन आला. पुण्याच्या मित्रानं दिलेली ही निराळीच ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिचा आतला मजकूर कुणीही वाचावा, बदलावा, पुढं द्यावा.

“मुफ्त है?” शेठचे कान टवकारले.

“फुकट नाय शेठ, मोकळी हाय.”

शेठना फरक कळला नाही. मलाही नाही. शेठ लग्नाला बाहेरगावी गेले, तेव्हा त्यानं मला विचारलं, “जुनं काढून ही बसवू का?” मी म्हणालो, “बसव. पण आधी सगळ्याच्या प्रती काढून माझ्याकडं दे.” त्यानं दिल्या. फ्लॉप्यांचा तो गठ्ठा मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

मग गव्हातले खडे निवडावेत तसा तो मशीन निवडायला बसला. पगाराचा प्रोग्रॅम गेला. जुनी सिस्टिम मुळासकट गेली. शेठचा पत्त्यांचा खेळ गेला. नव्या फ्लॉप्यांतही प्रिंटर चालवणारा एक तुकडा तसाच कुलूपबंद निघाला. त्यानं तोही काढला.

“अरे, तो तर चालतोय!” मी ओरडलो.

“चालतोय, पण आत बघू देत नाय.”

तीन दिवस प्रिंटर नुसता किरकिर करत कागदावर ठिपके मारत होता आणि वाळूजहून फोन येत होते. चौथ्या दिवशी, त्यानं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून पहिली यादी बाहेर आली. विद्यापीठाचं नाव पूर्ण. रकाना अपुरा पडला म्हणून दोन ओळींत आलेलं. तो कागद धरून बघतच राहिला.

“फ्रेम करतोस का?” मी विचारलं.

“नाय. मोजतोय. एक अक्षर बी सुटलं नाय.”

त्याच दुपारी शेठ आले. “मेरा पत्तों का खेल किधर गया?” ही त्यांची पहिली चौकशी. कारखान्यांच्या तक्रारी दुसऱ्या नंबरावर. त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं.

“किसने बोला था इसको?”

मी पंख्याकडं पाहिलं.

“पुराना माल सब गया?”

“गेला असेल.”

“ये उनमें का है क्या?”

‘उनमें’ म्हणजे कुणात, हे त्या वर्षी या शहरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. तो नव्हता, हे मला माहीत होतं. आणि असता तरी काय, हे शेठना विचारायची हिंमत नव्हती.

“असेल,” मी म्हणालो.

दोन ‘असेल’मध्ये मी एका माणसाची नोकरी घालवली. खोटंसुद्धा धड बोललो नाही. पुढच्या आठवड्यात ड्रॉवरमधल्या प्रती मला ‘सापडल्या’. जुना प्रोग्रॅम परत आला, पत्त्यांचा खेळ परत आला, अर्धं नाव परत आलं. शेठनी माझी पाठ थोपटली.

महिन्याभरानं तो अनुभवाचा दाखला मागायला आला. पदवी हातात आली होती, नव्या नावाची. ती त्यानं मला कौतुकानं दाखवली. मी दाखला टाइप करून दिला. शिक्षणाच्या ओळीत विद्यापीठाचं नाव जुनंच पडलं. सवयीनं, असं मी आजवर म्हणत आलो. त्याखाली लिहिलं होतं: ‘विनापरवानगी कॉम्प्युटरचे नुकसान केल्याने सेवा समाप्त.’

त्यानं सावकाश वाचलं. माझंच पेन घेतलं आणि राहिलेलं नाव ओळीच्या वर बारीक अक्षरांत भरलं. “हितं बाजूला सही करा साहेब. न्हाईतर खाडाखोड म्हणत्याल लोक.”

मी सही केली.

मग त्यानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “ही शेठनं लिवायला लावली, व्हय ना?”

शब्द माझे होते. टाइप केलं मी. परवानगीही मीच दिली होती.

“व्हय,” मी म्हणालो. त्याच्या बोलीत, जन्मात पहिल्यांदा.

“वाटलंच मला. तुमच्या हातून आसलं लिवणं नाय व्हायचं.”

दाखला त्यानं जपून फायलीत ठेवला, पदवीच्या वर, आणि फायलीच्या नाडीला दोन गाठी मारल्या.