लाकूड त्याचं, तार माझी

गंगाराम गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्यावरच चिडलो होतो. रविवारी साडेसहाला वाशीच्या भरावावर भेटायचं ठरलेलं आणि साडेसात वाजले तरी साहेबांचा पत्ता नाही. शेवटी सायकल दामटत कोपरखैरण्याला गेलो, तर त्याच्या सोसायटीच्या दारात चार माणसं उभी होती... पहाटे झोपेतच गेला, म्हणाले. त्याला आता सहा आठवडे होतील.

तो तुर्भ्याच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर. ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करायचा. मी शेजारच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. जमिनीवरून रेडिओने उडवायची मोठी मॉडेल विमानं बांधायचं खूळ दोघांनाही होतं. रेडिओचा संच माझ्या मेव्हण्याने दुबईहून आणलेला. आमच्या बायकांच्या मते आमची डोकी ठिकाणावर नव्हती. आमचा नियम एकच : लाकूड त्याचं, तार माझी. एकमेकांच्या कामात बोट घालायचं नाही, तपासायचंसुद्धा नाही. तो माझ्यापेक्षा मोजून चार दिवसांनी मोठा आणि त्या चार दिवसांचा मान मी त्याला कधीच दिला नाही.

पहिलं मोठं विमान सहा फुटी पंखांचं. ते आम्हाला कुशीवर उडवायचं होतं, म्हणजे एक पंख आकाशाकडे, एक जमिनीकडे. पण तसं केलं की नाक खाली पडायचं. शेपटीवरचं उभं सुकाणू लहान पडतंय, असं गंगारामचं मत. दोन महिने खपून त्याने ते मोठं केलं, नव्या बिजागऱ्या बसवल्या. नाक तरी किंचित पडायचंच. सुकाणूवर एक पत्र्याची पट्टी असते, तिला तीन भोकं. सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरची तार त्यातल्या एकात अडकवायची. तार आतल्या, सुकाणूलगतच्या भोकात घेतली की सुकाणू जास्त वळतं. मी तसं सुचवलं, तर तो म्हणाला, "नको रे. एवढ्या मोठ्या सुकाणूला मोटरची पकड ढिली पडंल. वेगात थरथरलं तर गेलं इमान. थोडं नाक पडतंय तर पडू दे, टेन्शन नको घेऊ."

पुढच्या रविवारी मेव्हणा बघायला येणार होता. त्याच्यापुढे नाक पडलेलं मला चालणार नव्हतं. सकाळी घरीच मी तार आतल्या भोकात घेतली आणि गंगारामला बोललो नाही. विमान कुशीवर गेलं, नाक ताठ. माझी छाती फुगली. मग वेग वाढवला आणि शेपटीतून घरघर ऐकू आली. क्षणभरात सुकाणू उपटून उडालं आणि विमान पलीकडच्या तिवरांत कोसळलं.

गंगाराम गुडघाभर चिखलात उतरला. शेपूट आणि तुटलेलं सुकाणू घेऊन परत आला तेव्हा मी खाली मान घालून उभा होतो. "माजीच बिजागरी सैल व्हती," तो म्हणाला. "माफ कर, सुरेश." मेव्हण्यासमोर म्हणाला. आणि मी, मी चक्क "असू दे" म्हणालो.

ते "असू दे" चार वर्षं मला सलत होतं. या रविवारी सांगावंच, असं दर रविवारी वाटायचं. परवा त्याच्या घरी गेलो, तेव्हा शेवटी वहिनींना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, उठून आत जातील.

"भावजी, ते तर त्यांना चिखलातच कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. "घरी येऊन मला दाखवली ना ती आतल्या भोकातली तार. मी म्हटलं, मग तुमी कशाला माफी मागितली? तर म्हणाले, त्याला बोललो असतो तर तो परत आलाच नसता."

खरं होतं ते. मी गेलो नसतो. शरमेने नव्हे, अकडीने. माझा स्वभाव त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. मी तिथे वहिनींसमोर रडलो, लपवलं नाही.

डोळे पुसून वर पाहिलं तर त्यानंतर बांधलेलं आमचं दुसरं विमान छताच्या हुकाला टांगलेलं होतं. स्टुलावर चढून मी त्याचं सुकाणू हलवून पाहिलं. जराही खडखड नाही. त्यावरची पत्र्याची पट्टी या वेळी गंगारामने स्वतः कापून आणली होती. तिला भोक एकच आहे, अगदी बाहेरच्या टोकाला. चार वर्षं मी त्याच भोकात तार अडकवत आलो आणि बाकीची दोन का नाहीत, हे त्याला एकदाही विचारलं नाही.