तेल लावलेलं डोकं आणि तारांची टोपी

तुमची आई मेंदूचा अभ्यास करते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ते काम एकदा आमच्या गोरखपुरातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर मांडलं होतं, ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही तेव्हा तिकडे बाबांजवळ होतात.

ती येताना रोबोटचा हात घेऊन आली होती. आकार माणसाच्या हाताएवढा, बोटं काळी. अर्धांगवायू झालेल्या माणसाने मूठ मिटायचं नुसतं मनात आणलं, तरी तो हात मिटला पाहिजे, हे तिचं काम. मेंदूतले बारीक संकेत ओळखणारं सॉफ्टवेअर तिला हवं तसं कुठे मिळेना, म्हणून तिने स्वतःच लिहिलं. पुढे हातही स्वतःच जोडला. पण तिच्या संस्थेतले लोक म्हणाले, हे तुझ्या सरावलेल्या विद्यार्थ्यांवरच चालतं. नव्या, वयस्कर माणसावर चालवून दाखव, नाहीतर काम थांबवू. ते त्या दिवशी पाच वाजता व्हिडिओवर पाहणार होते. नवं, वयस्कर माणूस म्हणजे मी, तुमची आजी.

जेवणं झाल्यावर तिने माझ्या डोक्यावर मेंदूतले संकेत टिपणारी तारांची टोपी चढवली. लॅपटॉपच्या पडद्यावर नुसत्या थरथरत्या रेघा. तिने सॉफ्टवेअर तपासलं, तारा बदलल्या, परत तपासलं. तिचा चेहरा उतरत चालला.

"आत काही नसलंच तर?" तुमचे आजोबा म्हणाले. "मी तर लग्नापासून सांगून राहिलो."

"बाबा, तुम्ही चूप बसा."

टोपी दाबताना तिचं बोट घसरलं. तिने ते नाकाशी नेलं.

"आई, तेल लावलं तू? केस धुऊन बस म्हटलं होतं ना."

"धुतले की. मग लावलं. इतके मोठे लोक पाहणार, पिंजारलेले केस घेऊन काहून बसू मी?"

ती हसतच सुटली. तेलामुळे संकेत तारांपर्यंत पोचतच नव्हते. सॉफ्टवेअर बिचारं ठीक होतं. तिने मला नहाणीत नेऊन दोनदा शाम्पू चोळला. आजोबांनी हेअर ड्रायर धरला.

आता रेघा एकेक वेगळ्या दिसू लागल्या. पडद्यावर खूण आली की हात न हलवता मूठ मिटायची कल्पना करायची, म्हणजे सॉफ्टवेअर माझे संकेत शिकणार. नुसती मूठ मला मनात येईना. मग मी परात घेतली आणि कणिक मळायला लागले, मनातल्या मनात.

पाच वाजता लोक पडद्यावर आले. खूण झाली. मी मळू लागले. काहीच नाही. पुन्हा खूण. माझा हात मांडीवर निपचित, आणि समोर ती काळी बोटं हळूहळू मिटली. मी मळणं थांबवलं, तर ती उघडली. खूण नसतानाच मी परत मळायला घेतलं, हात परत मिटला. तुमची आई टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

पडद्यावरच्या लोकांतले एक गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, काम चालू राहू द्या, पण अजून नव्या माणसांवर करून पाहा. अशी माणसं मिळतील का?

ती उत्तर देणार, तोच आजोबा कॅमेऱ्यासमोर येऊन, टोपीसाठी डोकं वाकवून उभे राहिले.