संतरामची खबर

काम करताना दस्तगीरचाचा खिळे ओठांत धरत. बैलाला आडवं पाडण्याआधी त्याच्या कपाळावर हात ठेवत. पाणी बसूनच पीत. आगगाडीची शिट्टी ऐकली की मान खाली घालत. दर गुरुवारी संध्याकाळी फातेहा देत, तेव्हा आईबापाच्या नावांनंतर आणखी एक नाव घेत. संतराम.

वसमतच्या बाजारात त्यांचं नालबंदीचं छप्पर होतं. मी हैदराबादेहून साहित्य शिकून आलो, नोकरी नव्हती, म्हणून तिथं जाऊन बसायचो. ते मला नावानं हाक मारत नसत.

"बीए, दोर धर. कविता मंग कर."

पहिल्या मोठ्या लढाईत ते घोड्यांच्या पथकाबरोबर बसऱ्याकडं गेले होते. हट्ट्याचा संतराम तिथं साईस होता, घोड्यांची निगा राखायचा. घोड्याचा पाय संतराम धरायचा, नाल हे ठोकायचे. परत आले ते एकटे दस्तगीरचाचा.

पण हट्ट्यात संतराम अजून जिवंत होता. त्याची बायको द्वारकाबाई कुंकू लावत होती, हिरव्या बांगड्या भरत होती. दर वर्षी पोळा झाला की चाचा तिच्या बैलांना नाल मारायला जात. ती विचारायची, "भाऊ, औंदा काई खबर?" हे म्हणायचे, "येईल, वैनी."

मला हे अठ्ठेचाळीसच्या भादव्यात कळलं. फौजा येऊन गेल्या होत्या, निजामाचं राज्य संपलं होतं. रझाकारांवरचा राग गावोगाव मुसलमानांवर निघत होता, बाजारातली त्यांची दुकानं बंद होती. चाचा पिशवीत हत्यारं भरत होते.

"कुठं निघालात?"

"हट्ट्याला. पितरपाठ लागला ना."

"आत्ता? रस्ते बरे नाहीत."

"म्हणून तं. मी मेलो तं सांगल कोण?"

मग त्यांनी सांगितलं. संतराम पटकीनं गेला, दोन दिवसांत. तिथं चुलीला लाकूड मिळत नव्हतं, चितेला कुठून मिळणार? चाचांनी एकट्यानं खड्डा खणला. येत होतं तेवढं पढले आणि माती लोटली. परत आल्यावर हेच सांगायला हट्ट्याला गेले. संतरामची आई मंजुळाबाई दारात होती. तिनं आधी पाणी दिलं. मग विचारलं, "बाबा, तिकडं आपलं माणूस गेलं तं अग्नी कोण देतं?"

"माझ्या तोंडून निघून गेलं," चाचा म्हणाले, "संतराम जिता हाय. दुसऱ्या छावणीत हाय."

"सरकारी कागद आला असेल ना?"

"आला. वाचायला माझ्याकडंच आणला."

त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं.

"एकोणतीस वर्सं, बीए. त्याच्या नावानं घास न्हाई, पाणी न्हाई. माझी फातेहा त्याला पोचते का न्हाई, मला काय ठाव. त्याच्या पोरानं द्यायला पायजे."

मी बरोबर गेलो. सडक सोडून बांधाबांधानं. दुपारी पोचलो.

"अगं माय, भाऊ!" द्वारकाबाई म्हणाली. "या दिवसात काहून निघालात? जीव जड झाला का तुमाला?"

"बैलाचं काम राहिलं व्हतं."

"आन् हा कोण? नवा शागीर्द?"

"बीए हाय. दोर तेवढा बराबर धरतो."

ती हसली. तिचा मुलगा रामकिशन बाप लढाईवर गेल्यावर जन्मला होता. त्यानं बैल पाडला, चारी पाय बांधले. मी दोर धरला. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "चारी पाय होऊ दे. मंग सांगतो."

पहिला पाय झाला. दुसरा झाला. तिसरा झाला आणि शेजारची भिकाबाई धापा टाकत आली.

"रामकिशन, लोकं येऊन राहिले. बाहेरगावचे. नालबंद कुठं हाय, इचारून राहिले."

"चाचा, आत चला. कणगीमागं बसा."

चाचांनी ओठांतले खिळे तळहातावर घेतले. द्वारकाबाईकडं पाहिलं.

"वैनी, संतराम..."

"त्यायचं मंग बोला. आधी आत व्हा."

"घरात लेकरं हायत," ते म्हणाले. ते आत गेले नाहीत. परसातल्या भिंतीवरून उतरले आणि ज्वारीत शिरले. साठीचा माणूस. कणसं हलली, मग हलायची थांबली. माणसं आली. काठ्या होत्या, एक कुऱ्हाड होती. रामकिशन दारात आडवा उभा राहिला. ते त्याच्याशी फार बोलले नाहीत. घराला वळसा घालून ज्वारीकडं गेले.

मी दोर धरूनच बसलो होतो. तो कुणी माझ्या हातातून सोडवला, आठवत नाही.

दोन दिवस आम्ही शोधलं. काही सापडलं नाही.

सर्वपित्री अमावास्येला मी पुन्हा हट्ट्याला गेलो. संतरामचं सांगायचं ठरवून गेलो होतो. द्वारकाबाईनं पाट दिला. तिच्या हातात बांगड्या वाजत होत्या. मी पिठलंभाकरी खाल्ली आणि बैल बघायला उठलो.

बैल गोठ्यात होता. मागचा डावा पाय तसाच. रामकिशन म्हणाला, शिरड शहापूरचा नालबंद बोलवतो.

"नको," द्वारकाबाई म्हणाली. "भाऊनं हात घातलाय. तेच येऊन करतील."