वाळत घातलेल्या चादरींचा पांढरा

ख्रोनिंगेन शहरातल्या फोटो-मंडळात वुबो डाइकेमाला दोन कारणांनी ओळखत. अंधाऱ्या खोलीत त्याच्यासारखा काळा-पांढरा फोटो छापणारा दुसरा कुणी नव्हता, हे एक. आणि दुसरं म्हणजे त्याची जीभ.

मंडळाचा रिवाज असा, की मंगळवारी सगळ्यांनी आपले फोटो टेबलावर मांडायचे आणि ज्याला जो पटला नाही त्याने तो, एक अक्षर न बोलता, पालथा घालायचा. इतर लोक पालथा घालताना निदान ओशाळल्यासारखं तरी करत. वुबो हातातला कॉफीचा कपही खाली ठेवत नसे. एकदा एका विधुराने आजारी बायकोचे शेवटच्या दिवसांतले सहा फोटो आणले. वुबोने सहाच्या सहा पालथे घातले, आणि वर रिवाज मोडून म्हणाला, "बायको गेली त्याचं वाईट वाटतं हो. पण फोटोतला जीव तिच्या आधीच गेला होता." तो माणूस पुन्हा मंडळात आला नाही.

वुबोचं हे सारं खपवून घेतलं जाई ते फोल्कर्ट हानमुळे. फोल्कर्टने त्रेसष्ट सालच्या कडाक्याच्या थंडीत गावोगाव हिंडून फोटो काढले होते. दोरीवर गोठून फळीसारख्या ताठ झालेल्या चादरी, आणि त्या काखेत धरून घरात नेणाऱ्या बायका. त्या चादरींचा पांढरा वुबोनेच कागदावर आणला, छत्तीस वर्षं, एकाच जातीच्या कागदावर. जाडसर, किंचित सायीच्या रंगाचा कागद होता तो. मग कारखान्याने तो बंद केला, आणि त्याच हिवाळ्यात फोल्कर्टही गेला.

त्याची मुलगी रेन्स्के लहानपणापासून वुबोला काका म्हणे. संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी तिला चाळीस फोटो नव्याने छापून हवे होते. तिने निगेटिव्हचा डबा वुबोच्या हाती दिला.

"एप्रिलपर्यंत तीन नमुने दाखवा, काका. कागद कुठलाही घ्या, पण पांढरा बाबांचा हवा. नाही जमलं तर सीब्रांडला देईन."

सीब्रांड वुबोच्याच हाताखाली सहा वर्षं शिकलेला. वुबो हसला. एकाहत्तराव्या वर्षी त्याच्याजवळ आता होतं तरी काय? 'फोल्कर्टचे फोटो वुबो छापतो', एवढं एकच वाक्य.

त्याने चार कागद मागवले. एकाच्या सावल्यांत शेवाळाची झाक. दुसरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा चमके. तिसरा वाळला की पापडासारखा वळे. चौथा पोताला, जाडीला अगदी जुन्याचा भाऊ. पण त्याच्यावरच्या चादरी काळ्या मोज्याबरोबर धुतल्यासारख्या. खरं तर चारींवर पांढरा असा कुठे उमटतच नव्हता. अंधाऱ्या खोलीत काम करताना लावायच्या, फोटोच्या कागदाला बाधू नये अशा पिवळट दिव्याचा संशय वुबोला आला नाही असं नाही. त्याने कोऱ्या कागदाचा तुकडा दिव्याखाली दहा मिनिटं ठेवला आणि औषधातून काढून पाहिला. पांढराशुभ्र. म्हणजे दिवा निर्दोष, कागदच भिकार.

फेब्रुवारीपासून दर मंगळवारी तो हेच बोले. "आजकाल कागद बनवत नाहीत, पोतेरी बनवतात." कारखान्यांना त्याने खरमरीत पत्रंही धाडली. सीब्रांड त्याचे नमुने हातात घेऊन निरखी आणि मान डोलावी. "खरंय, मास्तर."

एप्रिलात एका सकाळी रेन्स्के घरी आली, सोबत सीब्रांड. कॉफी झाली, बिस्किटांच्या डब्यातून प्रत्येकी एक निघालं आणि डबा बंद झाला. रेन्स्केने चौथ्या कागदावरचे तीन नमुने खिडकीशी नेले.

"काका, या चादरी मळक्या आहेत."

"कागद मळका आहे. बाजारात यापेक्षा बरा मिळत नाही."

सीब्रांडने पिशवीतून एक फोटो काढून शेजारी ठेवला. तीच निगेटिव्ह; रेन्स्केने ती मार्चमध्ये 'जरा पाहते' म्हणून वुबोकडून नेऊन आठवडाभर त्याला दिली होती. चादरींवर ऊन पडल्यासारखं वाटत होतं.

वुबोने बोटाने कड चाचपली. "कुठला कागद हा?"

"तुमचाच. चौथा."

मग तिघं अंधाऱ्या खोलीत गेली. सीब्रांडने कागदावर आधी फिकट राखाडी उमटेल एवढाच उजेड पाडला, वर एक नाणं ठेवलं आणि घड्याळ लावलं. "सात मिनिटं. एका फोटोवर उजेड-सावली जुळवत तुम्ही एवढा वेळ हात फिरवत बसता ना, मास्तर?" सात मिनिटांनी त्याने नाणं उचललं. औषधात कागद हलवल्यावर गडद राखाडी वर आली, आणि तिच्या मधोमध, दिव्यापासून झाकलेला, नाण्याएवढा स्वच्छ फिकट गोल.

"जुन्या कागदाला हा दिवा दिसतच नव्हता," सीब्रांड म्हणाला. "नव्यांना दिसतो. कोरा कागद थोडा उजेड मुकाट गिळतो, म्हणून तुमच्या तुकड्याने तुम्हाला फसवलं. चित्र पडलेल्या कागदाला नाही गिळता येत."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच मंगळवारी. फेब्रुवारीत."

"आणि गप्प बसलास?"

"मजा येत होती," सीब्रांड म्हणाला. त्याने ते लपवलंसुद्धा नाही.

वुबो रेन्स्केकडे वळला. "पोरी, लाल दिवा आणायला मला एक दिवस लागेल. तीन आठवड्यांत चाळीसच्या चाळीस देतो. हात तोच आहे माझा."

"दिवा बदलाल हो," रेन्स्के म्हणाली. "बाबा म्हणायचे, वुबोला चूक पटवायची तर आधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लावावी लागते. छत्तीस वर्षं त्यांनी ते केलं. मला नाही जमणार."

तिने फडताळातून निगेटिव्हचा डबा स्वतःच काढला, आतली पाकिटं मोजून पाहिली. त्याच्यासमोर मोजली.

दारात सीब्रांड थांबला. "फोटो धुवायला माणूस हवाय मला. एकेक तासभर वाहत्या पाण्यात फिरवायचा. कंटाळवाणं काम, पोरं टिकत नाहीत. जमेल का?"

रेन्स्के म्हणाली, "अरे, असं काय विचारतोस त्यांना!" पण थांबली तीही, उत्तर ऐकायला.

वुबोने तिच्या काखेतल्या डब्याकडे पाहिलं. मग एप्रन काढून खुंटीला लावला, आणि सीब्रांडच्या तोंडाकडे न बघता विचारलं, "किती वाजता येऊ?"

"आठला. रबरी बूट घरून आणा, माझ्याकडचे तुम्हाला होणार नाहीत."

"बरं," वुबो म्हणाला.