टेकू आहे ना

लक्ष्मणदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी यशवंतपूरच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाची पँट शिवत होतो. ऐकलं आणि पँटचा डावा पाय उजवीकडे जोडून बसलो. गिऱ्हाइकानं पँट तशीच नेली. माझ्याकडे कपडे टाकणाऱ्यांना सवय आहे. दादाला जाऊन आता दीड महिना झाला. मला लिहिता येत नाही, शाळेच्या दारातूनच परत आलेला माणूस मी. मी बोलतोय आणि माझी मुलगी सुमन लिहून घेतेय. अक्षर तिचं, मूर्खपणा माझा.

दादा चांद्याकडचा. मिसरूड फुटायच्या आधी कोळशाच्या खाणीत उतरला. लढाई लागली तेव्हा भरतीवाल्यांनी विचारलं, खणता येतं का? ह्याला दुसरं काही येतच नव्हतं. बर्मात नेलं, तिथंही खणायलाच लावलं. लढाई संपल्यावर बंगळुरात पलटणीतून सुटला आणि इथंच राहिला, एका कारखान्याच्या गेटावर वॉचमन म्हणून. लग्न केलं नाही. रविवारी जेवायला आमच्याकडे. माझी बायको त्याला अण्णा म्हणायची, मी दादा, आणि तो मला टेलर. माझं शिवणकाम बघूनसुद्धा टेलर म्हणायचा, एवढा चांगला माणूस.

त्याची एक खोड होती. कुणाच्याही घरात शिरला की आधी काठी उचलून छताला ठोकायचा, मान तिरकी करून ऐकायचा, मगच बसायचा. खाणीत तसंच करतात म्हणे. खणखणीत वाजलं तर छत बोलतं, बद्द वाजलं तर मुकं. मुक्या छताखाली बसायचं नाही. लोक हसायचे, सगळ्यात जास्त मी. चार लग्नांत त्याची नक्कल करून दाखवली मी... तो समोर बसलेला असताना.

चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी मी राजाजीनगरात दोन खोल्या बांधल्या, वर दगडी फरश्या. वास्तुशांतीला सगळे जमलेले. दादानं मागच्या खोलीत काठी ठोकली आणि भटजींसमोर म्हणाला, "हे मुकं आहे गा." मी म्हटलं, दादा, छत आहे ते, रेडिओ नाही. सगळे हसले. दादा जेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर सुरूचं एक खोड घेऊन हजर. खोलीच्या मधोमध उभं केलं, वर पाचर ठेवली आणि हातोडीनं ठोकायला लागला. मी चिडलो, म्हटलं, आमच्या मेस्त्रीनं छत बघितलंय, सरी आहे म्हणाला, म्हणजे ठीक आहे. दादानं हात थांबवला.

"बर्मात साहेब असाच हसला होता, टेलर. मला लाज वाटली. एक दिवस नाही ठोकलं. दोघं गेले आतल्या आत."

मग पाचरीवर आणखी एक घाव घातला.

मेस्त्री खरा की दादा, मला आजही माहीत नाही. पण त्या खोलीत सुमन झोपते, म्हणून टेकू राहिला. मी दोनदा कपाळ फोडून घेतलं त्याच्यावर. दादा दर रविवारी तो हलवून बघायचा, हलला नाही की जेवायला बसायचा.

ह्या वर्षी सुमनला बघायला बेळगावची माणसं यायची होती. बायको म्हणाली, हे लाकूड स्वल्प बाजूला करा, पाहुणे काय म्हणतील. मी काढला. पाहुणे उप्पीट खात बसले आणि मी सारखा वर बघत होतो. सगळ्या प्रश्नांची उत्तरं छताकडे बघून दिली. मुलाचे वडील शेवटी म्हणाले, आपण फार देवभक्त दिसता. मी हो म्हटलं.

पाहुणे गेले, टेकू अंगणातच पडून राहिला. आज लावू, उद्या लावू. तेवढ्यात दादाला इस्पितळात नेल्याचं कळलं. छातीत कोळसा बसलेला, श्वास पुरत नव्हता. एकेक शब्द मोजून बोलत होता. मला म्हणाला, "टेकू आहे ना गा?"

मी म्हटलं, आहे.

"पाचर ढिली झाली तर ठोकून घे. पोरगी झोपते तिथं."

एवढं बोलून त्यानं डोळे मिटले, निवांत. मी तिथून जो सायकल हाणत निघालो तो थेट घरी. बायकोनं खालून धरलं, मी स्टुलावर चढून पाचर ठोकली, आधी उलटी, मग सुलटी, मधे एकदा अंगठा. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

बेळगावकरांचा होकार आलाय. येत्या रविवारी बोलणी करायला येतील. बायको टेकूबद्दल ह्या वेळी काही बोलली नाही, उलट पुसून ठेवलाय तिनं. दादाची काठी आमच्याकडे आहे. रविवारी जेवायच्या आधी मी ती उचलतो, ठोकतो, मान तिरकी करतो. मला काही कळत नाही, सगळं सारखंच वाजतं. मग टेकू हलवून बघतो. स्वल्प हलतो... शिंप्यानं ठोकलेला आहे. पाचरीवर दोन घाव घालतो आणि पानावर बसतो.

आता विचार दादा, कधीही विचार. आहे.